जपानला चित्रकला शिकायला निघालेल्यांसाठी: पहिले पंधरा दिवस

सांगली-साताऱ्याकडून चित्रकलेसाठी जपानला निघालेल्या मुलांचा, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांचा, पहिला प्रश्न रंगांचा असतो. इथून न्यायचे की तिथे घ्यायचे? त्याचे उत्तर पुढे दिले आहे. पण त्याआधी विमान कोणत्या वारी उतरते ते बघा. शुक्रवारी रात्री उतरलात तर शनिवार-रविवार वॉर्ड ऑफिस बंद, कॉलेजचे परदेशी विद्यार्थ्यांचे ऑफिस बंद आणि खोली रिकामी. सोमवार ते बुधवार सकाळी उतरणारे तिकीट थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे. एप्रिलच्या प्रवेशाला मार्चअखेरीस जावे लागते. साताऱ्यात तेव्हा ऊन तापलेले असते आणि टोकियोत सकाळी पाच-सात अंश. स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेच्या तळाशी नको.

पहिल्या पंधरवड्यात चित्र फारसे होत नाही, आणि ते व्हावे असा हट्टही धरू नये. या दिवसांत चित्र काढता येईल असे बस्तान बसवायचे: पत्ता, फोन नंबर, बँक खाते, विमा, आणि रंग सांडला तरी भुर्दंड पडणार नाही असा खोलीचा एक कोपरा. ही कामे क्रमाने केली तर पंधरा दिवसांत उरकतात. क्रम चुकला तर तीच कामे दोन महिने रेंगाळतात, कारण प्रत्येक काउंटरवर आधीच्या काउंटरचा कागद मागतात.

निघण्यापूर्वी

प्रवेश मिळाला की जपानमधले कॉलेज तिथल्या इमिग्रेशनकडून 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी' मिळवून पाठवते. ते दिल्या तारखेपासून तीन महिनेच चालते. तेवढ्या मुदतीत व्हिसा काढून जपानमध्ये दाखल व्हावे लागते. महाराष्ट्राचे काम मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे आहे. कागद हातात आल्यावर 'बघू दिवाळीनंतर' असे करू नका.

पासपोर्टवरचे नाव एकदा नीट वाचा. आपल्याकडे पुष्कळांच्या पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात असते. जपानच्या रहिवासी कार्डावर ते जसेच्या तसे छापले जाते. बँकेत मात्र तेच नाव काताकाना लिपीतही लिहावे लागते. त्या लिपीत 'ळ' नाही, 'ल' आणि 'र' एकाच अक्षराने लिहितात, त्यामुळे साळुंखे, काळे, पाटोळे अशा आडनावांची दोन-तीन रूपे सहज होतात. जपानी शिकवणाऱ्यांकडून एक रूप पक्के करून घ्या आणि पहिल्या फॉर्मपासून शेवटच्या फॉर्मपर्यंत तेच लिहा. शिष्यवृत्ती किंवा पगार जमा होताना काताकानातले नाव जुळले नाही तर पैसे अडकतात. फोटोंचेही तसेच आहे. तिथल्या पुष्कळ फॉर्मना ४ × ३ सेंमीचा फोटो लागतो, आपला नेहमीचा पासपोर्ट साइज चालत नाही. दहा-बारा फोटो इथेच काढून घ्या.

औषधांच्या बाबतीत जपान कडक आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एक महिन्यापुरती नेता येतात. त्याहून जास्त न्यायची असतील तर आधी परवानगीचा कागद काढावा लागतो. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. त्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर असेल तर ते औषध नेताच येत नाही. घरातला औषधांचा डबा उचलून बॅगेत ओतू नका, प्रत्येक पाकिटावरचे घटक वाचा.

खाण्याच्या वस्तूंत ताजा कढीपत्ता, आले, ओली हळद, आंबे, कच्च्या डाळी आणि कडधान्ये, मांसाचे काहीही नेऊ नका. डाळी तिथल्या भारतीय आणि नेपाळी दुकानांत मिळतात. सांगलीची हळद न्यायची तर दुकानातली छोटी सीलबंद पाकिटे न्या, सुटी नको. शंका असलेली वस्तू विमानतळावर स्वतःहून दाखवा. लपवलेली सापडली तर प्रकरण दंडापर्यंत जाऊ शकते. आणि एक गोष्ट खास चित्रकला-शिल्पकलेवाल्यांसाठी: जपानमध्ये माती आणायला बंदी आहे. गेरूचे ढेकूळ, कृष्णाकाठची माती, गणपतीसाठी शाडू, यांतले काही भरू नका. कंपनीच्या बाटलीतले रंगद्रव्य वेगळे, पोत्यातली माती वेगळी.

विमानतळ ते वॉर्ड ऑफिस

नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर इमिग्रेशनच्या खिडकीवरच रहिवासी कार्ड हातात मिळते. त्याच खिडकीवर अर्धवेळ काम करण्याच्या परवानगीचा अर्ज द्यायचा. एका पानाचा फॉर्म आहे, आधी डाउनलोड करून, भरून, पासपोर्टमध्ये ठेवा. अधिकाऱ्याने कार्डाच्या मागे शिक्का मारला की आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. कॉलेजच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास चालतात. रांगेत दमून हा अर्ज राहून गेला तर नंतर इमिग्रेशन ऑफिसात जावे लागते आणि आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागते. २८ तास कोणत्याही सलग सात दिवसांत मोजतात, दोन ठिकाणी काम केले तर दोन्हींचे तास एकत्र धरतात. बार आणि पाचिंको (जुगाराच्या यंत्रांची दुकाने) अशा ठिकाणी काम करायला विद्यार्थ्यांना मनाई आहे, भांडी घासायचे कामही तिथे चालत नाही. या नियमाशी खेळू नका. व्हिसा वाढवायच्या वेळी हेच बघतात.

राहायचा पत्ता ठरला की १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात, म्हणजे 'कुयाकुशो'त, आणि छोट्या शहरात 'शियाकुशो'त जाऊन पत्ता नोंदवायचा. रहिवासी कार्ड, पासपोर्ट आणि खोलीचा करार सोबत घ्या. कार्डाच्या मागे पत्ता लिहून देतात. त्या दिवशी तिथून लगेच परत फिरू नका. शेजारच्याच काउंटरवर राष्ट्रीय आरोग्य विमा काढायचा, त्यानंतर दवाखान्याच्या बिलातले ३० टक्केच आपल्याला भरावे लागतात. मागच्या वर्षी जपानमध्ये उत्पन्न नव्हते असे लिहून दिले की विम्याचा हप्ता कमी होतो. ते न लिहिता उठलात तर जास्त आकारणीचे पाकीट घरी येते. तिसरे काउंटर पेन्शनचे. वीस ते साठ वर्षे वयाच्या प्रत्येक रहिवाशाला पेन्शन लागू आहे आणि महिन्याचा हप्ता १७-१८ हजार येनच्या आसपास आहे. विद्यार्थ्यांना तो पुढे ढकलण्याची सवलत आहे, पण अर्ज केला तरच.

इथे 'केंक्यूसेई' मुलांनी जास्त लक्ष द्यावे. आपल्याकडून जाणारी बरीच मुले थेट मास्टर्सला लागत नाहीत. सहा महिने ते वर्षभर प्राध्यापकाच्या हाताखाली केंक्यूसेई म्हणून राहतात आणि मग प्रवेश परीक्षा देतात. हा दर्जा पदवीच्या विद्यार्थ्याचा नाही. त्यामुळे पेन्शनची विद्यार्थी सवलत त्यांना बहुधा लागू होत नाही, उत्पन्न कमी असल्याचा दुसरा अर्ज भरावा लागतो. ट्रेनच्या विद्यार्थी पासाचेही बहुतेक ठिकाणी तसेच आहे, त्यांना नोकरदारांच्या दराने पास काढावा लागतो. महिन्याचे बजेट घरी सांगताना हे धरून सांगा.

फोन आणि बँक यांचा एक चक्रव्यूह आहे. बँक फोन नंबर मागते, फोन कंपनी बँक खाते किंवा क्रेडिट कार्ड मागते. सुटका अशी: परदेशी क्रेडिट कार्डावर किंवा दुकानात रोख भरून चालणारे सिमकार्ड आधी घ्यायचे. घेताना ते नुसते डेटाचे नको, ०७०, ०८० किंवा ०९० ने सुरू होणारा बोलण्याचा नंबर हवा. डेटाचे सिम स्वस्त दिसते आणि बँकेच्या काउंटरवर निरुपयोगी ठरते. जपानमध्ये येऊन सहा महिने झाले नसतील तर बऱ्याच बँका खाते उघडत नाहीत. पोस्टाची बँक, म्हणजे 'यूचो', विद्यार्थ्यांना खाते देते, तिथेच जावे. कॉलेजचे ओळखपत्र आणि मागे पत्ता लिहिलेले रहिवासी कार्ड दोन्ही न्या. खाते होईपर्यंत दोन-तीन आठवडे जातात असे धरून तेवढी रोकड जवळ ठेवा.

खोली

कॉलेजचे वसतिगृह मिळाले तर पहिले वर्ष तिथेच काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भाड्याची खोली घेताना अनामत रक्कम, घरमालकाला द्यायची आणि परत न मिळणारी 'रेइकिन', एजंटची फी, हमी देणाऱ्या कंपनीची फी आणि पहिले भाडे मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतके पैसे सुरुवातीलाच जातात. आणि खोली मिळते ती अगदी रिकामी. पडदे नसतात, गॅसची शेगडी नसते, पुष्कळदा छताला दिवाही नसतो, नुसता तो अडकवायचा सॉकेट असतो. म्हणून उजेड असतानाच पोहोचायचे. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो आणि त्या वेळी आपण घरी असावे लागते. त्याची वेळ आधी ठरवली नाही तर पहिले काही दिवस गार पाण्याने अंघोळ.

खोलीचे माप 'जो'मध्ये सांगतात. एक जो म्हणजे एका तातामी चटईची जागा. सहा जोची खोली साधारण १० चौरस मीटर, म्हणजे आपल्या शंभर-एकशे दहा चौरस फुटांची. त्यात झोपायचे, जेवायचे आणि चित्र काढायचे. खोली सोडताना ती होती तशी करून द्यावी लागते. तातामीवर किंवा लाकडी जमिनीवर पडलेला रंगाचा डाग अनामतीतून कापला जातो. ऑइल पेंट तातामीच्या विणीत शिरला की निघत नाही, चटईच बदलावी लागते. म्हणून कामाच्या कोपऱ्यात आधी निळी ताडपत्री, तिच्यावर पुठ्ठा आणि वर वर्तमानपत्र अशी तिहेरी बैठक करा. नुसती ताडपत्री चालत नाही. तिच्यावर सांडलेले टर्पेंटाइन शोषले न जाता घरंगळत कडेला जाते. सामान लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, जमिनीचे आणि जुन्या डागांचे तारखेसह फोटो काढा, खोली सोडताना ते उपयोगी पडतात.

वीज १०० व्होल्टची आहे. टोकियोकडे ५० हर्ट्झ, ओसाका-क्योटोकडे ६०. दोन चपट्या पात्यांची पिन लागते. लॅपटॉप आणि मोबाइलचे चार्जर चालतात, पण आपला मिक्सर आणि इस्त्री चालणार नाहीत. इंडक्शन शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, स्टीलचा आणि इंडक्शनला चालणारा घ्या. शाकाहारी मुलांनी इतके जरूर लक्षात ठेवावे की सूप, सॉस आणि भाज्यांच्या रश्शातही माशाचा 'दाशी', म्हणजे अर्क, असतो, डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या आठवड्यापासून स्वतः रांधायला लागा.

रंग, कॅनव्हास, ट्रेन

आता रंगांचे. इथून रंग नेऊ नका. टर्पेंटाइन आणि फिक्सेटिव्हचा स्प्रे ज्वालाग्राही असल्याने विमानात कोणत्याच बॅगेत चालत नाही. ऑइलच्या ट्यूब नियमात बसल्या तरी तपासणीवाला समजून घेईलच असे नाही. न्यायचे ते हाताला बसलेले चार-पाच ब्रश, पॅलेट नाइफ (मोठ्या बॅगेत), आणि जुन्या सुती साड्या, धोतरे फाडून केलेली भरपूर फडकी. इतके मऊ, धुऊन धुऊन पाणी पिणारे कापड तिथे विकत घ्यायला जीव होत नाही. बाकी सगळे तिथे उत्तम मिळते. टोकियोत शिंजुकूचे सेकाइदो हे साहित्याचे मोठे दुकान आहे, आणि बऱ्याच कला विद्यापीठांच्या आवारातही दुकान असते. बादल्या, ट्रे, पांढऱ्या चिनी मातीच्या बशा शंभर येनच्या दुकानातून घ्या, करासह ११० येन.

कॅनव्हासचे माप शिकून जा. आपण १८ × २४, २४ × ३६ असे इंचात बोलतो. तिथे आकाराला नंबर असतो आणि पुढे अक्षर. एफ, पी, एम आणि चौरसासाठी एस. नंबर लांब बाजू ठरवतो, अक्षर आखूड बाजू. एफ ८ म्हणजे ४५५ × ३८० मिमी, पी ८ म्हणजे ४५५ × ३३३, एम ८ म्हणजे ४५५ × २७३. एफ १० म्हणजे ५३० × ४५५, एफ ३० म्हणजे ९१० × ७२७, एफ ५० म्हणजे ११६७ × ९१०, एफ १०० म्हणजे १६२१ × १३०३. आपला २४ × ३६ इंची कॅनव्हास ६१० × ९१४ मिमीचा, आणि त्याच्या जवळचा एम ३० आहे ९१० × ६०६. फरक चार मिलिमीटरचा, पण तेवढ्यानेच तो तयार चौकटीत बसत नाही. इथून जुनी कामे न्यायची असतील तर चौकटीवरून काढून, रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर गुंडाळून न्या आणि तिथल्या मापाच्या चौकटीवर ताणा. कागदातही फसगत होते. ए ४, ए ३ जगभर एकच, पण जपानी बी ४ हा २५७ × ३६४ मिमी असतो, आंतरराष्ट्रीय बी ४ त्याहून लहान. इथून घेतलेल्या फोल्डरमध्ये तो मावत नाही. चारकोलचा कागद ५०० × ६५० मिमीचा, आणि ड्रॉइंग बोर्डही त्यालाच जुळणारा.

हे माप ट्रेनमध्येही कामाला येते. जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, गाड्यांत सामानाची लांबी, रुंदी, उंची मिळून २५० सेंमीपर्यंत चालते, सर्वांत लांब बाजू २ मीटरपर्यंत, वजन ३० किलोपर्यंत, नग दोन. हिशेब करून बघा: एफ ६० (१३०३ × ९७० मिमी) जाडीसह २३० सेंमीच्या आसपास, म्हणजे चालतो. एफ ८० (१४५५ × ११२०) २५० च्या वर जातो. एफ १०० तर चाळीसेक सेंमीने बाहेर. म्हणून मोठे काम कॉलेजच्या स्टुडिओतच सुरू करून तिथेच संपवायचे, किंवा छोटा टेंपो ठरवायचा. नियमात बसणारे कामही सकाळी साडेसात ते नऊ या वेळात नेऊ नका. त्या गर्दीत कॅनव्हासला कोणाचा तरी कोपर लागतोच. चौकटीचे कोपरे पुठ्ठ्याने झाका, ओला रंग असेल तर दोन कॅनव्हास समोरासमोर ठेवून मध्ये कोपऱ्यांना क्लिपा लावा. तिथे त्यासाठी टोकदार क्लिपा तयार मिळतात.

कटरबद्दलही सांगायला हवे. सहा सेंमीहून लांब पाते सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणे जपानमध्ये गुन्हा आहे, आणि लहान पात्यालाही पोलीस कारण विचारू शकतात. कटर खिशात ठेवू नका. साहित्याच्या पेटीत, पाते आत करून, वर्गाच्या दिवशीच न्या.

तेलाची फडकी हा घर पेटवणारा विषय आहे. जवसाचे तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेते आणि उष्णता सोडते. फडकी चुरगाळून ढिगात ठेवली की ती उष्णता आत कोंडते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. छोट्या बंद खोलीत हा धोका जास्त. वापरलेली फडकी पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका, कचऱ्याच्या दिवशी ओलीच पिशवीत बांधा. टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतायचे नाही. बरणीत गाळ बसू द्या, वरचे नितळ पुन्हा वापरा, गाळ कॉलेजच्या टाकाऊ द्रवाच्या डब्यात टाका. घरचा कचरा जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे असा वेगळा करून ठरल्या वारी सकाळी ठेवायचा असतो. वार आणि वर्गवारी प्रत्येक गावची वेगळी असते. त्याचा तक्ता वॉर्ड ऑफिसातच मागून घ्या आणि दाराला चिकटवा. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी तशीच पडून राहते आणि शेजाऱ्यांशी ओळख तिथूनच बिघडते.

वर्गात

चारकोल ड्रॉइंगच्या वर्गात टेबलावर पावाचे स्लाइस दिसतील. ते खोडण्यासाठी असतात. कडा काढून मधला मऊ भाग बोटांनी गोळी करून कागदावर टेकवतात, घासत नाहीत. लोणी किंवा साखर जास्त असलेला पाव कागदाला तेलकट करतो आणि त्या जागी पुन्हा कोळसा धरत नाही. साधा पाव घ्या. उरलेला चुरा खोलीत ठेवू नका, झुरळे येतात.

निहोंगा, म्हणजे जपानी पद्धतीची चित्रकला, घेणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून सरस बनवावा लागेल. नाव 'निकावा', वस्तू आपल्या सुतारांच्या सरसाचीच सख्खी बहीण, जनावरांच्या कातड्यापासून केलेली. शाकाहारी घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, कारण निहोंगाच्या वर्गात यातून सुटका नाही. कांडी साधारण १० ग्रॅमची घ्यायची, कापडात गुंडाळून पकडीने मोडायची, उघडी मोडली तर तुकडे काचेसारखे उडतात. १०० मिली पाण्यात रात्रभर भिजत ठेवायची. उन्हाळ्यात फ्रीजमध्ये. सकाळी ती फुगून मऊ झाली की भांडे गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून ६० ते ७० अंशांवर विरघळवायची आणि पातळ कापडातून गाळायची. उकळी फुटता कामा नये, उकळलेल्या सरसाची पकड कमी होते. घाई करणारे नेमके इथेच चुकतात. भिजलेली नसतानाच आच देतात, मधला गाभा विरघळत नाही म्हणून आच वाढवतात, आणि सगळा सरस वाया जातो.

मग रंग. दगड दळून केलेले 'इवा-एनोगु' पंधरा ग्रॅमच्या मापाने विकतात आणि त्याला नंबर असतो. ५ म्हणजे जाड वाळूसारखा, १३ म्हणजे बारीक, त्याहूनही बारीक तो 'ब्याकु'. एकाच दगडाचा कण जितका बारीक तितका रंग फिका. गडद निळा हवा असेल तर जाड नंबर घ्यावा लागतो. खऱ्या दगडाचे निळे-हिरवे फार महाग पडतात. शिकताना काचेसारख्या पदार्थात धातूंची ऑक्साइडे घालून भाजलेले कृत्रिम रंग घ्या. पांढऱ्या बशीत रंग, त्यावर सरसाचे थेंब, आणि मधल्या बोटाने कण ओला होईपर्यंत मळायचे, पाणी नंतर. सरस कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला येतो. जास्त झाला तर रंग काळवंडतो, कागद आक्रसतो आणि थर तडकून सुटतो. बशीत उरलेला रंग फेकू नका. गरम पाणी घालून, कण खाली बसू देऊन वरचे पाणी दोन-तीनदा ओतून दिले की सरस निघून जातो आणि रंग वाळवून पुन्हा वापरता येतो.

पांढरा 'गोफुन' शिंपल्यांचा असतो आणि त्याला जास्त मेहनत लागते. खलात बारीक करायचा, सरसाचे थेंब घालत भाकरीच्या पिठासारखा मळायचा, गोळा करून बशीवर शंभरेकदा आपटायचा, मग कोमट पाण्यात बोटाने विरघळवायचा. मळणे कमी झाले तर वाळल्यावर भेगा पडतात. कागदाला आधी सरस आणि तुरटीचे पातळ पाणी देतात, म्हणजे रंग फुटत नाही. तुरटी वाढली तर काही वर्षांत कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. चित्र आडवे ठेवून, जमिनीवर बसून काढतात, कारण पाण्यातले कण उभ्या कागदावर ओघळतात. मांडी घालून बसायची सवय असलेल्या आपल्या मुलांना हे सोपे जाते. जूनमध्ये पावसाळा सुरू झाला की तयार सरस बाहेर ठेवला तर लवकर आंबतो. वास आला की ओतून द्यावा, वाचवायला जाऊ नये.

महिन्याभरातच पहिले 'कोह्यो' होते. सगळ्यांची कामे भिंतीला लावून प्राध्यापक एकेकाशी बोलतात. त्यासाठी पोर्टफोलिओ ए ४ मध्ये हवा, प्रत्येक चित्राखाली माध्यम, वर्ष आणि मिलिमीटरमध्ये माप. इंच लिहू नका. भारतातून आलेल्याला तिथे अजिंठ्याबद्दल हमखास विचारतात. आराई कानपो हे जपानी चित्रकार १९१६ मध्ये भारतात आले आणि त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. टोकियोत ठेवलेल्या त्या प्रतिकृती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. म्हणून अजिंठा आणि आपल्याजवळची भिंतीवरची चित्रेही निघण्यापूर्वी नीट बघून जा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात पेशवेकालीन भित्तिचित्रे आहेत. औंधला पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेले भवानी संग्रहालय आहे. सांगलीहून किंवा साताऱ्याहून दोन्ही एका दिवसात होतात. टोकियोत पोहोचल्यावर उएनोचे राष्ट्रीय संग्रहालय बघायला तिकीट काढण्यापूर्वी कॉलेज त्यांच्या 'कॅम्पस मेंबर्स' योजनेत आहे का ते विचारा. असेल तर ओळखपत्रावर कायमचे प्रदर्शन फुकट बघता येते, कितीही वेळा.

मेणवलीत फोटो काढायची परवानगी मिळाली तर फ्लॅश न वापरता काढा, आणि निदान एका फोटोत भिंतीला न टेकवता शेजारी ३० सेंमीची पट्टी धरा. निहोंगाचे प्राध्यापक आधी रंग कशाचा, गिलावा कसला आणि आकृती केवढी हेच विचारतात.